आमच्यात कुठं इंग्रज होता? (कोल्हापूरचा १५ ऑगस्ट)

पंचगंगाकाठ | १० ऑगस्ट, रात्री ९.४०

परवा लेकीला शाळेतून भाषणाचा कागद मिळाला. पाचवीत आहे. "दीडशे वर्षे आपण इंग्रजांचे गुलाम होतो" इथून सुरुवात आणि "जय हिंद"वर शेवट. सोप्यात उभी राहून हातवारे करत पाठ करत होती. शेजारी आजी लसूण सोलत बसलेली (माझी आजी, लेकीची पणजी; नव्वदी गाठलीय, पण कान तिखट). पहिलं वाक्य तीनदा ऐकलं आणि म्हणाली, "आमच्यात कुठं गं इंग्रज होता?"

लेक थांबली. मीपण.

आजी ४७ साली बारा वर्षांची, शुक्रवार पेठेत वाढलेली. तिचं म्हणणं असं, की आदल्या दिवशी राज्य महाराजांचं होतं आणि दुसऱ्या दिवशी उठून बघितलं तरी महाराजांचंच. शाळेत झेंडा लागला, खाऊ मिळाला, मोठी माणसं खुशीत होती, एवढं तिला आठवतं. "पण आमचं काय बदाललं ते कुणी सांगितलं न्हाई."

शोधाशोध केली तर म्हातारी बरोबर निघाली. कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं ते १ मार्च १९४९ ला. मग आपण कोल्हापूरकर १५ ऑगस्टला नेमकं काय साजरं करतो? तुमच्या घरातल्या जुन्या माणसांना तो दिवस कसा आठवतो?

(पक्षांची नावं घेऊन भांडायचं असेल तर दुसरा धागा काढा. हात जोडून सांगते.)

दप्तरखाना | १० ऑगस्ट, रात्री १०.२५

आजींना दंडवत. कायद्याच्या भाषेत त्या शंभर टक्के बरोबर आहेत. १९४७ च्या स्वातंत्र्य कायद्याचं सातवं कलम काढून बघा. संस्थानांवर ब्रिटिश राजाची जी अधिसत्ता होती ती १५ ऑगस्टला संपली. ती दिल्लीकडे आली नाही, नुसती विरून गेली. म्हणून तर संस्थानिकांकडून सामीलनाम्यावर सह्या घ्याव्या लागल्या, आणि त्यात दिल्लीला मिळाले तीनच विषय : संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, दळणवळण. शेतसारा, पोलीस, कोर्ट, शाळा हे सगळं दरबाराकडंच राहिलं. गादीवर शहाजी महाराज होते, देवासहून दत्तक आलेले, त्याच वर्षी बसलेले.

बारा वर्षांच्या मुलीचा संबंध येतो तो शाळेशी आणि पोलिसाशी. ते दोन्ही १६ ऑगस्टला जिथल्या तिथं होते.

तालमीतला | १० ऑगस्ट, रात्री ११.०२

कलमं राहूदेत दप्तरखाना. इंग्रज नव्हता म्हणे. मग शिवाजी चौकात आज महाराजांचा पुतळा आहे त्या जागी आधी कोण उभा होता? लेस्ली विल्सन, मुंबईचा गव्हर्नर. आमच्या भर चौकात, आमच्या डोक्यावर. १९४२ ला भागीरथीबाई तांबट आणि जयाबाई हवेरी या दोन बायकांनी जाऊन तो विद्रूप केला, पुढं पोरांनी फोडला आणि तिथं शिवछत्रपती आले. इंग्रज नव्हता तर त्या बायकांनी नाक कुणाचं कापलं?

त्याच्या मागं जायचं तर चिमासाहेब. १८५७ ला कोल्हापुरात सत्ताविसाव्या पलटणीनं उठाव केला, महाराजांच्या धाकट्या भावावर संशय गेला, उचलून कराचीला नेलं. १८६९ ला तिथंच गेले, परत माती दिसली नाही. आपण चिमासाहेब चौकात सिग्नलला थांबतो आणि शिव्या ट्रॅफिकला घालतो.

आजींना इंग्रज दिसला नाही कारण तो पडद्यामागं बसायचा. महाराजांना १९ तोफांची सलामी खरी, पण तोफा मोजणारा तोच की.

पंचगंगाकाठ | १० ऑगस्ट, रात्री ११.१५

"तोफा मोजणारा तोच की" हे आजीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "ह्येचं बरोबर हाय. पर मोजताना मी बघितला न्हाई."

मिसळ_कट_वाढा | ११ ऑगस्ट, सकाळी ७.३०

आजींना फेटा बांधा कुणीतरी.

भुदरगडचा | ११ ऑगस्ट, दुपारी १.१८

तालमीतला, तुम्ही शहरातलं सांगितलं, मी आमच्याकडचं सांगतो. डिसेंबर १९४२. गारगोटीच्या कचेरीवर पोरं चालून गेली, सात जण जागेवर गेले. करवीरय्या स्वामी, नारायण वारके आणि त्यांचे सोबती. आमच्याकडं ही नावं शाळेच्या भिंतीवर असतात, सकाळी प्रार्थनेला उभं राहिलं की समोरच.

आता गंमत बघा. देशभर "चले जाव" इंग्रजाला होतं. पण गारगोटीची कचेरी कुणाची? दरबाराची. खजिना कुणाचा? दरबाराचा. गादीवर त्या वेळी सज्ञान राजा नव्हता, कारभार दुसऱ्यांच्या हातात. पण शिक्का कोल्हापूरचाच. म्हणजे इंग्रजांविरुद्ध निघालेला माणूस गोळी खाऊन पडला तो आपल्याच राज्याच्या कचेरीपुढं.

म्हणून आमच्या गावात कुणी "संस्थानात किती सुख होतं" म्हटलं की माझे चुलते उठून जायचे. आणि "संस्थानानं काहीच केलं नाही" म्हटलं तरी उठून जायचे, कारण राधानगरीचं धरण शाहू महाराजांनीच काढलेलं. चुलत्यांचं जेवण नेहमी अर्धंच व्हायचं.

बिंदू_चौक_९_डिसेंबर | ११ ऑगस्ट, सायंकाळी ६.४४

चांगला धागा. माझ्या घरातली तारीख वेगळी आहे.

आमच्यात १५ ऑगस्टला झेंडावंदनाला सगळे जातात, पण नवी साडी निघते ती १४ एप्रिलला आणि संविधान दिनाला. आजोबा पन्हाळा तालुक्यातले. ते सांगायचे, १५ ऑगस्टला पाटलाच्या वाड्यापुढं झेंडा लागला, आम्ही लांब उभं राहून बघितला. १६ तारखेला आमचा पाणवठा होता तिथंच. दिल्लीतला साहेब गेला हे त्यांना खरंच चांगलं वाटलं होतं, खोटं बोलत नाही. पण त्यांचा साहेब गावातच होता.

बाबासाहेब २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत हेच सांगून गेले, की २६ जानेवारीला आपण विसंगतीच्या जीवनात पाऊल टाकतोय : राजकारणात समता असेल, सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता. त्या सभेत आपल्या जिल्ह्याचे रत्नाप्पा कुंभार होते, हेही भाषणाच्या कागदावर कधी नसतं.

आणि तालमीतला, तुमच्या पडद्यामागच्या इंग्रजाला एक पुरवणी. त्याच मांडलिक राज्यात १९०२ ला निम्म्या जागा मागासांसाठी राखल्या गेल्या. १९२० ला माणगावच्या परिषदेत शाहू महाराजांनी बाबासाहेबांच्या पाठीवर हात ठेवला. त्या वेळी "स्वराज्य हवं" म्हणणारे किती पुढारी आमच्या पंगतीला बसत होते? म्हणून "इंग्रज होता की नव्हता" एवढाच प्रश्न असेल तर तो आमच्यासाठी अर्धा आहे.

तालमीतला | ११ ऑगस्ट, सायंकाळी ७.२०

बिंदू चौक, मान्य. पण मग प्रत्येकानं आपापली तारीख काढली तर देशाची अशी कुठली उरणार?

बिंदू_चौक_९_डिसेंबर | ११ ऑगस्ट, सायंकाळी ७.३१

१५ ऑगस्ट काढून घ्या असं मी म्हटलेलं नाही. मी उद्याही झेंड्याला सलाम करणार. फक्त त्या दिवशी सगळं मिळालं असं माझ्या पोराला शिकवू नका. बाबासाहेबांचा पुतळा बिंदू चौकात त्यांच्या हयातीत बसला, ९ डिसेंबर १९५० ला, शेजारी महात्मा फुले, भाई माधवराव बागलांच्या पुढाकारानं. बागल कोण होते? प्रजा परिषदेचे, संस्थानात लोकांचं राज्य मागणाऱ्या चळवळीचे. म्हणजे हे दोन लढे या गावात एकाच माणसाच्या खांद्यावर होते. भांडण तुम्ही आम्ही लावतोय.

टाकळीकर_सुभेदार | ११ ऑगस्ट, रात्री ८.५०

सगळं वाचलं. सैनिक टाकळीचा आहे, २६ वर्षं नोकरी करून आलोय. आमच्या गावात घर सांगा आणि फौजी नाही असं दाखवा.

तुमच्या तारखा चालूद्यात. मी ज्या चौकीवर १५ ऑगस्ट काढला तिथं आम्ही अकरा जण होतो. एक केरळचा, दोन नागा, एक सरदार, बाकी असेच. कुणाचं संस्थान कधी विलीन झालं हे कुणी विचारलं नाही. झेंडा वर गेला, बुंदी वाटली, परत ड्युटी. तिथं तो दिवस एकच होता आणि मला तो तसाच आवडतो. पोरांना पाचवीत एवढी चिरफाड शिकवायची गरज नाही असं माझं मत. मोठी झाल्यावर वाचतील.

भुदरगडचा | ११ ऑगस्ट, रात्री ९.०५

सुभेदारसाहेब, सलाम. पण आमच्या शाळेच्या भिंतीवर सात नावं आहेत ती पहिलीतल्या पोराला पण दिसतात. "हे कसे गेले" असं तो विचारतोच. मोठा होईपर्यंत थांबत नाही.

टाकळीकर_सुभेदार | ११ ऑगस्ट, रात्री ९.१२

ते बरोबर.

दप्तरखाना | ११ ऑगस्ट, रात्री ११.४०

हा वाद आपणच आज काढलाय असं वाटत असेल तर चूक. तो १६ ऑगस्ट १९४७ चाच आहे. त्या दिवशी मुंबईत अण्णाभाऊ साठे "ये आझादी झूठी है" म्हणत मोर्चा घेऊन निघाले होते. तिकडं मद्रासेत द्रविड कळघम संघटनेच्या पेरियारांनी १५ ऑगस्ट हा दुखवट्याचा दिवस म्हणून जाहीर केला, आणि त्यांचेच सहकारी अण्णादुराई म्हणाले, नाही, हा आनंदाचा दिवस आहे. एका संघटनेत दोन तट पडले.

मुळात ही तारीख आपण निवडलेलीच नाही. लाहोरला काँग्रेसनं पूर्ण स्वराज्याचा ठराव केला आणि २६ जानेवारी १९३० हा स्वातंत्र्यदिन धरला, पुढं सतरा वर्षं लोक तोच पाळत होते. इंग्रज जाणार होते जून १९४८ पर्यंत. माउंटबॅटननं घाई केली आणि जपानच्या शरणागतीचा दुसरा वाढदिवस उचलून दिला. म्हणजे आपल्या स्वातंत्र्याचा दिवस एका इंग्रजाच्या दुसऱ्या महायुद्धाच्या आठवणीवरून ठरला. आपली २६ जानेवारी वाया जाऊ नये म्हणून संविधान त्या दिवशी लागू केलं. ती तारीख आपली, ही दिलेली. मला व्यक्तिशः २६ जानेवारी जास्त जवळची वाटते. पावसाचं टेन्शनही नसतं.

वळिवडे_स्टेशन | १२ ऑगस्ट, सकाळी १०.१५

पहिल्यांदाच लिहितोय. गांधीनगरचा आहे, घरी सिंधी, बाहेर कोल्हापुरी.

तुम्ही विचारताय १५ ऑगस्टला काय मिळालं. माझ्या आजोबांचं त्या दिवशी गेलं. घर शिकारपूरला होतं. लगेच कुणी निघालं नाही, "राज्यं बदलतात, माणसं थोडीच हलतात" असं त्यांचे वडील म्हणत. ६ जानेवारी १९४८ ला कराचीत दंगल झाली आणि मग बोट. मुंबई, तिथून छावण्या फिरत वळिवड्याला, म्हणजे आताच्या गांधीनगरला आले. ४७ च्या त्या रात्री दिल्लीत भाषण चाललं होतं तेव्हा आपण कुठल्या देशात आहोत हे सीमेवरच्या लोकांना माहीत नव्हतं, फाळणीची सीमा, रॅडक्लिफची रेघ, १७ तारखेला जाहीर झाली. आमचं सिंध तर रेघ न ओढताच अख्खं तिकडं गेलं. पंजाबचा अर्धा पंजाब उरला, बंगालचा अर्धा बंगाल. आम्हाला राष्ट्रगीतात एक शब्द उरला.

वळिवड्याच्या ज्या बराकी मिळाल्या त्यात आमच्या आधी पोलंडची माणसं राहायची. १९४३ पासून, पाचएक हजार, बहुतेक बायका आणि पोरं, रशियाच्या छळछावण्यांतून सुटून आलेली. म्हणजे १५ ऑगस्ट १९४७ ला कोल्हापूरच्या शेजारीच हजारो लोक असे होते ज्यांचा स्वतःचा देश युद्ध जिंकलेल्या बाजूला असूनही त्यांना परत जायला घर नव्हतं. महावीर उद्यानात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे, फिरायला जाणारे त्याला टेकून व्यायाम करतात. तिकडं वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे.

आजी सांगायची, बराकीत शिरलो तेव्हा चुलीच्या वर भिंतीला काजळी होती. दुसऱ्या कुणाच्या तरी स्वयंपाकाची. तिनं पुसली नाही, तशीच ठेवून पहिला चहा केला.

१५ ऑगस्टला आमच्या दुकानात झेंडा लागतो, मोठा. आजोबा लावायचे. १४ ला मात्र ते दिवसभर बोलायचे नाहीत. २०२१ ला सरकारनं १४ ऑगस्ट फाळणीच्या वेदनांचा स्मृतिदिन म्हणून जाहीर केला, तोवर ते गेले होते. असते तर काय म्हणाले असते, मी विचार करतो. बहुतेक गप्पच बसले असते.

पंचगंगाकाठ | १२ ऑगस्ट, सकाळी १०.५८

दादा, लिहीत जा. काजळीवर अडकले मी.

मंगळवारपेठ_जुनी | १२ ऑगस्ट, दुपारी ३.२०

लिहू की नको असं दोन दिवस चाललंय. आमच्या घरात १५ ऑगस्टची आठवण आहे, पण तिच्यावर साडेपाच महिन्यांनी राख पडली. गांधीजींचा खून झाला आणि कोल्हापुरात ब्राह्मणांची घरं, दुकानं पेटली. भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला, ज्या माणसानं शिवाजी चौकातल्या पुतळ्यासाठी धावपळ केली त्याचा. आमचं छापखान्याचं सामान गेलं. माझे आजोबा ४२ ला तुरुंगात जाऊन आलेले, गांधीटोपी घालणारे. टोपी घालूनच आग विझवत होते.

त्यांनी कुणाबद्दल कडू बोलल्याचं ऐकलं नाही. शेजारच्या तालमीतल्या पोरांनीच आजीला मागच्या दारानं काढलं होतं, हे मात्र दर वेळी सांगायचे. एवढंच.

तालमीतला | १२ ऑगस्ट, दुपारी ३.४१

काकू, आमच्या तालमीत हे कुणी सांगत नाही. सांगायला पाहिजे.

तीन_तारा | १२ ऑगस्ट, रात्री ९.३३

आम्ही विमुक्त. आमचा दिवस ३१ ऑगस्ट. १८७१ च्या कायद्यानं जन्मतःच गुन्हेगार ठरवलेल्या जमाती. देशभराचा तो कायदा रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ ला. हिशेब करा, पाच वर्षं सोळा दिवस. मुंबई प्रांतात थोडा आधी सुटला, पण पोलीस चौकीतल्या वहीला ते कोण सांगणार? वर सराईत गुन्हेगारांचा नवा कायदा आलाच.

बिंदू चौकनं लिहिलंय त्यात भर. शाहू महाराजांनी फासेपारध्यांची पोलिसांपुढची हजेरी बंद केली आणि त्यांना कामावर घेतलं. स्वातंत्र्याच्या कितीतरी आधी. तेव्हा आजींचं "आमच्यात कुठं इंग्रज होता" हे आमच्या तोंडून वेगळं ऐकू येतं. आमच्यात होता. वहीत होता.

पत्रादेवी | १३ ऑगस्ट, सकाळी ८.०५

माहेर डिचोली, सासर राजारामपुरी. गोव्यात १५ ऑगस्ट म्हटला की आमच्या आईला ४७ नाही, ५५ आठवायचा. १५ ऑगस्ट १९५५ ला सत्याग्रही सीमा ओलांडून आत आले, हातात काठीसुद्धा नाही, आणि पोर्तुगीजांनी गोळ्या घातल्या. वीसच्या वर माणसं गेली. त्यात महाराष्ट्रातून आलेले पुष्कळ. तुमच्याकडे त्या दिवशी आठवा वाढदिवस चालला होता. आमचा मुक्तिदिन १९ डिसेंबर १९६१. लग्न होऊन आले तेव्हा सासरे म्हणाले, तुम्ही चौदा वर्षं उशिरा आलात. मी म्हटलं, बोलवायला उशिरा आलात तुम्ही.

तिकटीवरचा | १३ ऑगस्ट, रात्री ११.५५

एवढे सगळे लिहितायत आणि जिलेबीचं कुणीच काढलं नाही? तुम्ही कोल्हापूरचेच ना? १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला जिलेबी नसेल तर या गावात झेंडावंदन झालं असं कोण मानतंय?

आमचा स्टॉल असतो. आमच्यासाठी १५ ऑगस्ट उद्या रात्रीच चालू होणार. पीठ आधीच भिजवलेलं, पण हवा गार असली की आंबायला वेळ लागतो, म्हणून घोळ चुलीजवळ ठेवायचा. पाक एकतारीच्या पुढं गेला तर जिलेबी दगड, मागं राहिला तर चिंधी. रात्री दोनला तई तापते. पहाटे पाचला पहिली रांग. सातला शाळेचं झेंडावंदन सुटलं की गणवेशातली पोरं, मग हापिसं, मग अकराला सगळं गाव. दुपारी हात वर जात नाही.

तुमची चर्चा भारी आहे, पण खरं सांगू का? मी रांगेत सगळ्यांना बघतो. बिंदू चौकवाले, गांधीनगरवाले, टाकळीचे. सगळे अर्धा किलोच मागतात, आणि सगळे म्हणतात, "गरम दे रे, वरची नको."

मिसळ_कट_वाढा | १४ ऑगस्ट, सकाळी ६.५०

वरची नको हेच खरं राष्ट्रीय धोरण.

पंचगंगाकाठ | १४ ऑगस्ट, दुपारी २.३०

जिलेबीवरून आठवलं ते आता लिहितेच. धागा काढताना लिहायचं टाळलं होतं.

माझे आजोबा प्रजा परिषदेचे. पुढारी वगैरे नाही, पत्रकं वाटणारे, सायकलवर गावोगाव फिरणारे. परिषद १९३९ ला निघाली तेव्हा ते तेरा वर्षांचे, पण पुढं तेच त्यांचं सगळं आयुष्य झालं. त्यांची मागणी सरळ होती : सारा कमी करा आणि राज्य लोकांच्या हातात द्या. म्हणून त्यांच्या दृष्टीनं स्वातंत्र्य आलं ते १ मार्चला. १५ ऑगस्टची जिलेबी ते सगळ्यांबरोबर खायचे, पण १ मार्चला स्वतः हौसेनं पावशेर घेऊन यायचे. हलवाई विचारायचा, आज काय? ते म्हणायचे, आज आम्ही सुटलो.

आजीचे वडील राजवाड्याच्या पागेत होते. विलीनीकरणानंतर पागेतली माणसं कमी झाली, त्यात ते. पुढं मार्केट यार्डात हमाली केली. महाराजांची घोडी नावानं ओळखणारा माणूस.

तर दर १ मार्चला आमच्या घरात जिलेबी यायची आणि आजी ती खायची नाही. ताटलीत काढून सगळ्यांना द्यायची, स्वतः नाही. आजोबांनी कधी आग्रह केला नाही. पन्नासेक वर्षं असं चाललं. लहानपणी मला वाटायचं, आजीला गोड चालत नाही.

"आमच्यात कुठं इंग्रज होता" हे ती इंग्रजाबद्दल बोलतच नव्हती, हे मला हा धागा वाचता वाचता कळलं.

दप्तरखाना | १४ ऑगस्ट, दुपारी ३.०२

माझं सातवं कलम मी मागे घेत नाही, पण ते इथं फार लहान दिसायला लागलंय.

भुदरगडचा | १४ ऑगस्ट, दुपारी ३.२६

भाषणाचं काय ठरलं शेवटी?

पंचगंगाकाठ | १५ ऑगस्ट, दुपारी १२.१०

झालं. पहिलं वाक्य तेच ठेवलं, बाईंनी सांगितलं होतं, एक शब्द हलायचा नाही. पण शेवटच्या "जय हिंद"च्या आधी लेकीनं आपल्या मनानं एक घातलं : "माझ्या पणजीचं राज्य मात्र १ मार्च १९४९ ला गेलं आणि माझ्या पणजोबांचं त्याच दिवशी आलं." बाई गोंधळल्या. पालकांत एक गृहस्थ मोठ्यानं हसले. टाळ्या सगळ्यांसारख्याच पडल्या.

आजीला व्हिडिओ दाखवला. म्हणाली, "आवाज बारीक हाय तिचा. मोठ्यानं बोलायला शिकीव."

जिलेबी आणलीय. वरची दिलीच तिकटीवाल्यानं.

तिकटीवरचा | १५ ऑगस्ट, सायंकाळी ६.४०

ताई, शपथ, खालचीच दिली होती. झोपून आत्ता उठलोय.

पंचगंगाकाठ | १५ ऑगस्ट, सायंकाळी ७.०५

असूदे. एक विचारायचं होतं. १ मार्चला काढाल का जिलेबी?

तिकटीवरचा | १५ ऑगस्ट, सायंकाळी ७.०९

एकट्यासाठी तई तापवत नाही. दोन किलोची ऑर्डर पाहिजे.

तालमीतला | १५ ऑगस्ट, सायंकाळी ७.११

अर्धा माझा.

वळिवडे_स्टेशन | १५ ऑगस्ट, सायंकाळी ७.३०

अर्धा इकडं. आजी खाणार का पण?

पंचगंगाकाठ | १५ ऑगस्ट, सायंकाळी ७.४२

विचारलं नाही अजून.